काट्यावरचे तीन सेकंद

आमच्या गोंदियात दिवाळी झाली की मिलच्या फाटकाबाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. अशाच एका राइस मिलच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी जावात, स्विंग वापरून लिहिलं. ट्रॅक्टर काट्यावर चढला की आकडा थोडा वेळ नाचतो. म्हणून 'नोंद' दाबल्यावर तीन सेकंद थांबायचं आणि मग वजन घ्यायचं, एवढंच काम. ते नीट जमायला एक अख्खा हंगाम गेला.

१. थांबणं वेगळं, झोपणं वेगळं. मी बटणाच्या कोडमध्येच थ्रेडला तीन सेकंद झोपवलं. स्विंगमध्ये पडदा रंगवणं, माउस, कीबोर्ड सगळं एकाच इव्हेंट थ्रेडवर चालतं. तो झोपला की सगळंच झोपलं. काट्यावरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, हे तं मेलं!"

२. 'इन्व्होकलेटर' म्हणजे जास्तीचा हमाल नव्हे. मला वाटायचं, त्याला दिलेलं काम मागच्या मागे होतं. म्हणून डेटाबेसमध्ये लिहिणंही त्यातच घातलं आणि पडदा पुन्हा अडकला. ते काम फक्त त्याच थ्रेडच्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहतं. जड कामासाठी जावा ६ पासून 'स्विंगवर्कर' आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

३. पुढे ढकललेल्या कामाला त्याची शिदोरी आत्ताच बांधून द्या. हा धडा मला एका शेतकऱ्यानं दिला. तीन सेकंदांसाठी मी स्विंगचा टायमर लावला होता. गाडी नंबरातल्या मोकळ्या जागा काढून तो मी त्याच व्हेरिएबलमध्ये परत ठेवत होतो, म्हणून कंपायलर ओरडला: लॅम्डामध्ये वापरायचं लोकल व्हेरिएबल बदलता येणार नाही. मी शहाणपणा केला, ते उचलून क्लासचं फील्ड करून टाकलं. कंपायलर गप्प. हंगामात मात्र पोरगा 'नोंद' दाबून लगेच पुढच्या ट्रॅक्टरचा नंबर टाइप करायचा, आणि तो थेट त्याच फील्डमध्ये जाऊन बसायचा. तीन सेकंदांनी कॉलबॅक जागा व्हायचा आणि फील्डमध्ये त्या क्षणी जो नंबर असेल तो घ्यायचा. पावती हातात घेऊन तो शेतकरी म्हणाला, "माहा ट्रॅक्टर तं अजून खालीच हाये, मंग वजन कसं आलं जी?" त्या संध्याकाळी सगळ्या पावत्या वहीशी ताडून पाहाव्या लागल्या. आता दर वजनाचं वेगळं ऑब्जेक्ट बनतं. गाडीचा नंबर कन्स्ट्रक्टरमध्येच बसतो, पुन्हा बदलत नाही, आणि टायमर त्याच ऑब्जेक्टची मेथड बोलावतो. कंपायलरची कुरकुर बहुतेक वेळा खरी असते, ती दाबण्याआधी वाचावी.

४. स्विंगचा टायमर मुळात पुन्हा पुन्हा वाजणारा असतो. 'सेटरिपीट्स' खोटं करायला विसरलो, तर प्रिंटर दर तीन सेकंदांनी तीच पावती छापत बसला.

५. खिडकी बंद झाली म्हणून टायमर बंद होत नाही. पडद्यावरचा आकडा ताजा ठेवायला दर अर्ध्या सेकंदाला वाजणारा दुसरा टायमर होता. चालू टायमर लिसनरला धरून ठेवतो, लिसनर खिडकीला. मग गार्बेज कलेक्टर तिला हात लावत नाही. पोरगा दिवसातून चारदा खिडकी मिटून उघडायचा, आणि संध्याकाळपर्यंत चार अदृश्य खिडक्या काट्याचा आकडा वाचत बसलेल्या असायच्या. आता खिडकी मिटणाऱ्या मेथडची पहिली ओळ बघते, कुणाचे तीन सेकंद अजून बाकी आहेत का. असतील तर खिडकी मिटतच नाही. नसतील तर दुसरी ओळ हा आकड्याचा टायमर थांबवते.