नावाआधी खूण विचार

पोरी, मदतपथकात नाव घातलंस, फार बरं केलंस. ढिगारा उपसायला हात पुष्कळ मिळतात. वही घेऊन एका जागी बसणारं माणूस मिळत नाही, आणि हरवलेली माणसं बहुतेक वेळा वहीतूनच सापडतात. तू वही घे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. मिळेल त्या गाडीत घालून जखमींना लातूर, उमरगा, सोलापूर असं वाट फुटेल तिकडे नेलं. नवरा एका दवाखान्यात, बायको दुसऱ्या, लेकरू भलत्याच कुणाच्या कडेवर. तेव्हा छावणीत याद्या लिहिताना जे उमगलं, ते सांगते.

नुसत्या नावावर माणूस सापडत नाही. एकेका गावात चार-चार काशीबाई असतात. त्यात बाईचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. अर्धवट शुद्धीत ती कोणतं सांगेल याचा नेम नाही. म्हणून दोन्ही लिही, माहेरचं गावही लिही आणि दवाखान्याच्या यादीत दोन्ही नावांनी शोध. घरात कोणत्या नावानं हाक मारतात तेही विचार. मग खुणा घे. गोंदण असेल तर कोणत्या हातावर, काय गोंदलंय? पडलेला दात, टाक्यांचा वण, जोडवी, रात्री अंगावर काय होतं? ‘सावळा रंग, मध्यम उंची’ असलं लिहून वहीचं पान भरू नको.

लेकरांची गोष्ट निराळी. भेदरलेल्या चार वर्षांच्या पोराला आडनाव विचारलं तर ते रडतं. त्याला बैलाचं नाव विचार. देवळासमोर काय आहे, शाळेतल्या बाई कोण, मामाचं गाव कोणतं, हे विचार. सर्ज्याचं शिंग मोडलंय एवढंच सांगणाऱ्या पोराचं घर शेजारच्या गावच्या गड्यानं ओळखलेलं मी पाहिलंय. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिही, सुधारून लिहू नको.

आणि कुणी चुलता, मामा म्हणून न्यायला आला तर पोराला ‘हे तुझे मामाच ना?’ असं विचारू नको. घाबरलेलं लेकरू कशालाही मान हलवतं. प्रश्न त्या माणसाला विचार, पोराच्या अंगावरच्या खुणा त्याच्याकडून काढून घे. तरीही लेकरू परस्पर हवाली करायचं नाही. १०९८ ला फोन कर, पोलीस आणि बालकल्याण समितीमार्फतच पुढचं होऊ दे. कोण, कुणाला, कुठे घेऊन गेलं, याची नोंद झाल्याशिवाय गाडी हलू देऊ नको.

लढाईत हरवलेल्यांसाठीही हीच वही कामाला आली. १९१४ साली जिनिव्हात रेड क्रॉसनं युद्धकैद्यांची कचेरी उघडली. घरच्यांनी केलेल्या चौकशीचं एक कार्ड, छावणीकडून आलेल्या खबरीचं दुसरं. दोन्ही नावाच्या क्रमानं एकाच खणात लावायची. एकाच माणसाची दोन कार्डं शेजारी आली की घरी पत्र जायचं. अशी सत्तर लाखांच्या आसपास कार्डं तिथे जमली. तूही ‘शोधणारे’ आणि ‘सापडलेले’ अशा दोन याद्या कर, पण रोज संध्याकाळी त्या शेजारी ठेवून वाच. परदेशातल्या युद्धात कुणाचं माणूस अडकलं असेल तर त्यांना भारतीय रेड क्रॉसकडे पाठव. तिथून निरोप जातो. त्यात फक्त घरची खुशाली लिहायची, कारण तो उघडाच जातो.

मृतदेहांचं बोलायला कचरू नको. किल्लारीकडे पाऊस लागला होता, एकेका सरणावर अनेकांना ठेवावं लागलं. आज तुझ्या हातात फोन आहे. अग्नी देण्याआधी चेहऱ्याचा, गोंदणाचा, दागिन्यांचा फोटो निघालाय का, अंगावरच्या वस्तूंच्या पुडीवर मृतदेहाचाच क्रमांक पडलाय का, हे तिथल्या पोलिसांना विचार. डीएनएचा नमुना घेतलाय का, तेही विचार.

काही माणसं सापडतच नाहीत. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला. घरच्यांना ‘आता आशा सोडा’ असं तू कधीही म्हणू नको, तो अधिकार आपला नाही. पण बेपत्ता असल्याची तक्रार लगेच नोंदवायला लाव. एरवी सात वर्षं खबर नसेल तरच कायदा माणूस गेलं असं धरतो. केदारनाथच्या २०१३ च्या प्रलयानंतर लवकर दाखला देण्याची वेगळी पद्धत ठरवली गेली, पण तशा वेळीही आधीच्या तक्रारीचा कागद लागतोच. तो नसला की विधवेला सातबाऱ्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे अडवतात.

घर सोडून छावणीत जाणाऱ्यांना सांग, उभ्या राहिलेल्या भिंतीवर कोळशानं लिहून जा: कोण जिवंत, कुठे चाललो, तारीख. जिल्ह्याबाहेरच्या एका नातेवाइकाचा नंबर सगळ्यांनी पाठ ठेवावा आणि आपापली खबर त्यालाच द्यावी. फोन लागत नसेल तेव्हा मेसेज जाऊन पोचतो. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

माणूस भेटलं की घरचे आनंदात निघून जातात आणि यादीत नाव तसंच राहतं. मग पुढचे कितीतरी दिवस दुसरं कुणी तेच नाव घेऊन दवाखाने पालथे घालतं. म्हणून निघण्याआधी त्यांना थांबव. नावापुढे ‘सापडले’, तारीख, ठिकाण आणि नेणाऱ्याची सही घे, आणि जिथे जिथे ती यादी दिली होतीस तिथे त्याच दिवशी कळव.