आधी पाला, मग गोळी

चिरनेरच्या खाचरात पावसाने जोर धरला की वरून फोकलेला युरिया टिकत नाही. पाणी बांध ओलांडून खालच्या खाचरात जाते, त्याबरोबर नत्रही जाते. मग पीक पिवळे दिसले म्हणून पुन्हा युरिया पडतो. खर्च वाढतो, रोगकिडीही वाढतात.

डॉ. नारायण सावंत यांच्या भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीत यावर चांगला उपाय आहे. यंदा निदान एका खाचरात ती करून पाहाच.

पहिल्या नांगरणीत गुंठ्याला साधारण 20 किलो भाताचा पेंढा गाडावा. त्यातून पालाश आणि सिलिका जमिनीत परत जातात, रोप ताठ राहते. चिखलणीच्या आठवडाभर आधी गिरीपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या, फांद्या खाचरात पसराव्यात. गुंठ्याला 30 किलो हिरवा पाला पुरतो. पाने गळली की काटक्या वेचून घ्या, पाला चिखलात मिसळा. उंदीरमारी बांधावर लावली की पाल्यासाठी रानात जावे लागत नाही. जंगलाच्या हक्कासाठी 1930 साली गोळ्या झेललेल्या या गावाला रानाचे मोल मी काय सांगू! पावसाळा सुरू होताच बांधावर उंदीरमारीच्या फांद्या रोवा.

आवणी दोरीवर करा, दोन्ही दिशांना 15 आणि 25 सेंटिमीटर अंतर आलटूनपालटून ठेवून. चार चुडांचा लहान चौकोन तयार होतो. त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर युरिया-डीएपीची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचा. गोळी 2.7 ग्रॅमची असेल तर गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे सुमारे 1.7 किलो लागतात. खालच्या थरात हवा नसते, म्हणून नत्र अमोनियमच्या रूपात चिकणमातीला धरून राहते आणि मुळांना हळूहळू मिळते. नंतर त्या चौकोनात पाय पडू देऊ नका. वरून पुन्हा युरिया देण्याची गरज नाही. झपाट्याने पाणी झिरपणाऱ्या रेताड खाचरात मात्र गोळी वापरू नये.

या गोळीत पालाश नसते. माती परीक्षणात कमी आढळल्यास ते चिखलणीत वेगळे द्या. गोळ्या मिळाल्या नाहीत, तर स्फुरद-पालाश चिखलणीलाच द्या. नत्राचे 40 टक्के लावणीला, 40 टक्के फुटवे येताना आणि 20 टक्के लोंबी धरण्याच्या सुमारास द्या. वरखत देताना खाचरातले पाणी काढा आणि आभाळ भरून आले असेल तर पोते उघडूच नका.