४२ नावांची यादी आणि आपली उचल

व्यापार-उद्योगाच्या पानावर कॉलेजच्या मुलांच्या वह्यांचे काय काम, असा प्रश्न काही वाचक बंधूंच्या मनात येईल. अर्थशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प लिहितात. मजुरी, बँका, बाजारभाव, विकास योजना असे विषय घेतात, गुण पदरात पडले की वह्या रद्दीत जातात. एका गावात विद्यार्थ्यांनी केलेली यादी मात्र रद्दीत गेली नाही. ती ज्या व्यवहाराविषयी होती, तो व्यवहार आपल्यातले पुष्कळ जण रोज करतात. काही उचल घेणारे म्हणून, तर काही उचल देणारे म्हणून. यासाठीच त्या यादीचा हिशेब आज येथे मांडत आहोत.

गाव बांगलादेशातले, नाव जोबरा. चितगाव विद्यापीठाला लागूनच ते वसलेले आहे. १९७४ साली बांगलादेशात भीषण दुष्काळ पडला. विद्यापीठात अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख होते प्रा. मुहम्मद युनूस. त्यांचे वडील चितगावात सराफीचा धंदा करीत, म्हणजे माणूस बाजारपेठेतल्या घरातला. वर्गात विकासाचे सिद्धांत शिकवायचे आणि फाटकाबाहेर माणसे उपाशी मरताना पाहायची, हे त्यांना सहन होईना. ते विद्यार्थ्यांना घेऊन जोबऱ्यात घरोघर हिंडू लागले.

तेथे बांबूचे मोढे विणणारी २१ वर्षांची एक बाई त्यांना भेटली. तीन मुलांची आई. हातात कसब होते, कामाचा आळस नव्हता. पण बांबू घ्यायला लागणारे ५ टका तिच्याजवळ नव्हते. ते ती एका व्यापाऱ्याकडून घेई. अशा व्यापाऱ्याला तिकडे पैकार म्हणतात. त्याची अट एकच: तयार मोढा संध्याकाळी त्यालाच द्यायचा, आणि तो ठरवील त्या भावाने. भाव होता ५ टका ५० पैसे. दिवसभर बोटे सोलून घेतल्यावर तिच्या हाती उरत ५० पैसे. सावकाराकडून रोख का घेत नाहीस, असे विचारल्यावर कळले की तेथे आठवड्याला शेकडा १० असा दर आहे, आणि त्या वाटेने गेलेला आणखी खाली जातो.

ही एकटीचीच कहाणी आहे की साऱ्या गावाची, हे पाहण्यासाठी १९७६ मध्ये युनूस यांनी एका विद्यार्थिनीला यादी करायला सांगितले. आठवड्याभरात यादी आली. नावे ४२, आणि सर्वांचे मिळून कर्ज ८५६ टका. युनूस यांच्या हिशेबाने २७ डॉलरपेक्षाही कमी. वाटून पाहिले तर डोई सरासरी २० टक्यांच्या आसपास. एवढ्याशा रकमेसाठी ४२ कारागीर आणि हातावर पोट असणारे लोक आपल्या मालाचा भाव सांगण्याचा हक्क गमावून बसले होते.

मजुरी कमी का, असे विचारले की पुस्तके बहुधा सांगतात, कसब कमी म्हणून, माणसे फार म्हणून, मागणी नाही म्हणून. त्यात खोटे काही नाही. पण जोबऱ्याच्या यादीने आणखी एक गोष्ट उघड केली. कच्चा माल कोणाच्या पैशाने आला, यावर तयार मालाचा भाव ठरत होता. मोढा विणणारीची मजुरी बाजाराने ठरवलेलीच नव्हती, कारण ती बाजारापर्यंत पोहोचतच नव्हती.

आता हा हिशेब आपल्याकडे आणू या. मालेगाव-भिवंडीत सूत देणारा शेठ आणि मजुरीवर कापड विणून देणारा लूमवाला हा संबंध कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्या लूमवर उचल घेऊन बसलेला कारीगर बाकी फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ शकत नाही, हेही आपण जाणतो. जरीकाम आणि शिवणकामातही थोड्याफार फरकाने तेच आहे. यात व्याज कोठे आहे, असे उचल देणारा विचारतो. वहीत तर ते नसतेच.

समजा, एका कारागिराने शेठकडून २,००० रुपयांचा कच्चा माल उचलीवर घेतला. आठवड्यात माल तयार करून ठरल्याप्रमाणे त्याच शेठला ३,००० रुपयांत दिला. तोच माल खुल्या बाजारात ३,३०० ला जातो. फरक ३०० रुपयांचा. हा सगळा फरक उचलीची किंमत मानला, तर २,००० वर आठवड्याला शेकडा १५ पडतात. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर शेकडा ७८०. परंतु असा हिशेब करणे शेठवर अन्याय होईल. तो माल वाहून नेतो, उधारीवर विकतो, मंदीत पडून राहिलेला माल सांभाळतो. या सर्वांचे २०० रुपये धरू. ते व्यापाराचे, आणि व्यापार हलाल आहे. तरीही १०० रुपये उरतात. ते कशाचे? आठवड्याला शेकडा ५, वर्षाला २६०. एवढा दर कोणत्याही बँकेच्या मॅनेजरने सांगितला तर आपण त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. येथे तो दिसत नाही, कारण तो भावाच्या पोटात दडलेला आहे.

हा प्रश्न नुसत्या व्यापाराचा नाही. कर्ज आणि विक्री एकमेकांना बांधून करण्यास हदीसमध्ये मनाई आली आहे. कर्जाच्या अटीतून मिळालेला फायदा सुदात मोडतो, असे फुकहा सांगत आले आहेत. उलट सलमचा व्यवहार जायज आहे. त्यात मालाची जात, वजन-माप आणि मुदत ठरवून पूर्ण किंमत आधी मोजली जाते, आणि तो भाव बाजारापेक्षा कमी असला तरी हरकत नाही. मागणीप्रमाणे वस्तू बनवून घेण्यासाठी इस्तिस्ना आहे. दोहोंत तो सौदा संपला की कारागीर मोकळा. आपल्या उचलीत तो मोकळा होत नाही, फरक आहे तो येथेच. तपशिलासाठी आपापल्या आलिमांना विचारावे. आम्ही फक्त हिशेब मांडत आहोत.

देशाचा कायदाही येथे लागू होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या साली जोबऱ्यात यादी झाली, त्याच १९७६ साली भारतात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. वेठबिगार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेतावरचा गडी येतो. पण आगाऊ रकमेच्या बदल्यात आपल्या श्रमाचा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क सोडावा लागणे, किंवा दुसरीकडे काम करण्याची मोकळीक गमावणे, हेही त्या कायद्याच्या व्याख्येत आहे. उचल देणाऱ्या आमच्या भावांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

जोबऱ्यात पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. युनूस यांनी ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. मग विद्यापीठातल्या जनता बँकेच्या शाखेत गेले. तारण नाही, सही येत नाही, रक्कम इतकी लहान की कागदाचाही खर्च निघणार नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी ते स्वतः जामीन राहिले, तेव्हा कर्जे सुरू झाली. पाच-पाच जणांचे गट, आठवड्याचा हप्ता, तारण नाही, या पद्धतीवर १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. २००६ साली बँकेला आणि युनूस यांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते बांगलादेशच्या हंगामी सरकारचे मुख्य सल्लागारही झाले.

तथापि ग्रामीण बँकेचे कर्ज व्याजाचे आहे, आणि त्या वाटेची शिफारस आम्ही करत नाही. त्याच देशात इस्लामी बँक बांगलादेशने १९९५ पासून खेड्यांसाठी बिनव्याजी पद्धतीची योजना चालवली. तीत पैसा हाती न देता माल घेऊन उधारीवर विकतात. लहान कर्जाने गरिबी हटते, हा दावाही पुढे टिकला नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीचा जाच इतका वाढला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. हैदराबादच्या वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीपासून धंद्यात असलेल्यांनी धंद्यात भर घातली, पण घराच्या एकूण खर्चात वाढ दिसली नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे कर्ज मिळाले की काम झाले, असे नाही. माल कोठे विकायचा हा प्रश्न उरतोच.

बँकांकडे जावे तर त्याचीही कथा आहे. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी नकारात्मक विभाग ठरवून टाकले आहे, अशी नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात केली. त्याच अहवालानुसार मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारावर जगतात. ज्यांना भांडवल सर्वांत जास्त हवे, त्यांच्याच मोहल्ल्यावर काट.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मालेगाव, भिवंडी, सोलापूर, औरंगाबाद येथील कॉलेजांत आपली जी मुले-मुली अर्थशास्त्र घेऊन बसली आहेत, त्यांनी यंदाचा प्रकल्प ग्रंथालयात न करता आपल्या गल्लीत करावा. कारागिराला विचारावे, कच्चा माल कोणाच्या पैशाचा? तयार माल कोणाला देणे भाग आहे? त्याच दिवशी बाजारात भाव काय होता? बाकी किती, आणि ती गेल्या ईदपासून कमी झाली की वाढली? उत्तर मिळण्यास वेळ लागेल. बायका घरात करतात ते काम पुरुष कामच मानत नाहीत, तेव्हा त्यांना वेगळे विचारावे लागेल, आणि तेथे मुलींनीच जावे. जोबऱ्यातही बायकांशी बोलणी प्रथम विद्यार्थिनींमार्फत झाली.

यादीत उचल देणाऱ्याचे नाव लिहू नये. फक्त नाते लिहावे: शेठ, शेजारी, नातेवाईक, पतसंस्था. नाव लिहिले की कारागीर दुसऱ्या दिवशी कामावरून जाईल, आणि तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यात कोणी दार उघडणार नाही. बाकीच्या रकमांची बेरीज मात्र पैशापर्यंत करावी. ती हाती आली म्हणजे आपल्या जमातीच्या पतसंस्थेने आणि जकात गोळा करणाऱ्या मंडळींनी ती समोर ठेवून बसावे. कर्जात बुडालेला हा जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे. जोबऱ्यासारखीच एखाद्या गल्लीची बेरीज एका लग्नाच्या मांडवाच्या खर्चाहूनही लहान निघण्याचा संभव आहे.