आकाशात पट्टे का दिसतात?

प्रश्न : लग्नाच्या व्हिडिओत कॉन्ट्रास्ट वाढवला की आकाशात पट्टे उमटतात. दाविंची रिझॉल्व्ह दर्जा घालवतं का?

उत्तर : नाही. रिझॉल्व्ह आतली आकडेमोड ३२ बिट फ्लोटमध्ये करतं. मुळात फाइलच तोकडी, म्हणजे ८ बिटची असणार. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६च, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आकाशाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात. ताण दिला की त्या फाकतात आणि पट्टे दिसतात. तेव्हा हात आखडता ठेवा, नजर स्कोपवर असू द्या. शेवटी किंचित ग्रेन घातलं की पट्टे बरेचसे मोडतात. रंग सुधारून एच.२६४मध्ये काढलेली फाइल पुन्हा एडिटला घेणं (हे सर्रास चालतं!) मात्र बंद करा. मधली फाइल लागलीच, तर प्रोरेस ४२२ एचक्यू. पुढच्या लग्नाला कॅमेरा १० बिटवर लावा.