जुन्यावरच चढवायचं की पुसून नव्यानं?

प्रश्न : माझ्याकडे २०१५ साली घेतलेला लॅपटॉप आहे. रॅम ४ जीबी, डिस्क साधी, ५०० जीबीची. २०२०च्या टाळेबंदीत भाचा गावी अडकला होता, तेव्हा त्यानं विंडोज काढून उबुंटू २०.०४ टाकून दिलं. तेव्हापासून ग्रामस्थ मंडळाचे हिशेब, देवळाच्या जीर्णोद्धाराची कागदपत्रं, गावातल्या जुन्या फोटोंचे स्कॅन, सगळं त्यावरच आहे. हल्ली सुरक्षा अपडेट बंद झाल्याची सूचना येते. भाचा फोनवर म्हणतो, 'मामा, अपग्रेड करा, काही जात नाही.' महाडचा दुरुस्तीवाला म्हणतो, 'फॉरमॅट मारून नवीन टाकू, नाहीतर मशीन रडतखडत चालेल.' दोघंही जाणकार आहेत. मी कुणाचं ऐकू? आणि यात माझं काही जाणार तर नाही ना?
— एक वाचक, सव (ता. महाड, जि. रायगड)

उत्तर : तुमच्या मशीनपुरतं विचाराल तर दुरुस्तीवाल्याचं ऐका. मात्र मशीन त्याच्या हाती देण्याआधी सगळ्या कामाची प्रत तुम्ही स्वतः काढून तपासलेली असली पाहिजे. भाच्याचं म्हणणंही चूक नाही. दुसऱ्या एखाद्या मशीनवर मी त्याच्याच बाजूनं बोललो असतो.

अपग्रेडमध्ये नेमकं काय होतं ते आधी पाहू. उबुंटू, डेबियन, मिंट यांतली प्रत्येक डिस्ट्रो (लिनक्सचं तयार रूप) हजारो पॅकेजेसची बनलेली असते. कुठलं पॅकेज कशावर अवलंबून आहे आणि कुठली फाइल कुठल्या पॅकेजनं ठेवली, याची चोख नोंद यंत्रणेकडे असते. अपग्रेड करताना जुन्या आवृत्तीच्या भांडाराच्या जागी नव्या आवृत्तीचं भांडार जोडलं जातं आणि सगळी पॅकेजेस बदलली जातात. तुमच्या होम फोल्डरला सहसा हात लागत नाही. तुम्ही सेटिंगची एखादी फाइल बदललेली असेल तर 'जुनी ठेवू की नवी घेऊ' असं विचारलंही जातं. डेबियन १९९३ साली सुरू झालं आणि तिथली मंडळी ही वाट फार निगुतीनं सांभाळतात. अपग्रेड कसं करायचं, काय अडू शकतं, याचं सविस्तर प्रकरण प्रत्येक आवृत्तीबरोबर निघतं. एकदा बसवलेलं डेबियन वर्षानुवर्षं आवृत्तीमागून आवृत्ती चढवत चालवणारे लोक जगभर आहेत. त्यामुळे 'दर दोन वर्षांनी फॉरमॅट मारलाच पाहिजे' ही समजूत जुन्या विंडोजच्या दिवसांतून आलेली आहे, आणि लिनक्सवर ती लादू नये.

मग तुम्हाला नव्यानं टाका असं का सांगतो?

पहिलं कारण तुमचं हार्डवेअर. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क असलेल्या मशीनला आता जड पडतो. २२.०४पासून तर फायरफॉक्ससुद्धा स्नॅप या प्रकारात येतो, आणि जुन्या डिस्कवर तो उघडायला वेळ लागतो. भाच्याच्या सांगण्याप्रमाणे तुम्ही अपग्रेड केलंत, सगळं सुरळीत पार पडलं, तरी हाती येईल ते नवं पण आणखी संथ मशीन. तुम्हाला हलका डेस्कटॉप हवा. लिनक्स मिंट २२ची एक्सएफसीई आवृत्ती किमान २ जीबी रॅममध्ये चालते, ४ जीबीत बरी चालते, आणि तिच्यात स्नॅप नाही. उबुंटूवर अपग्रेड करत गेल्यानं मिंट मिळत नाही. डिस्ट्रो बदलायची तर नव्यानंच टाकावी लागते.

दुसरं कारण वाटेतल्या टप्प्यांचं. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात, आणि एक गाळून पुढच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. म्हणजे २०.०४वरून आधी २२.०४ आणि मग २४.०४. दर खेपेला एक-दोन जीबी डाउनलोड आणि तुमच्या डिस्कवर काही तासांचं काम. भाच्यानं बाहेरची भांडारं जोडली असतील तर अपग्रेड करताना ती बंद केली जातात, आणि तिथून आलेली पॅकेजेस मधेच अडून बसू शकतात. त्यानं २०२०मध्ये काय काय जोडलं होतं हे आज त्यालाही आठवत नसेल.

तिसरं कारण तुमचा पाऊस. महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि इतक्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा दगा देणार. अर्धी पॅकेजेस नवी आणि अर्धी जुनी अशा अवस्थेत वीज गेली, तर मशीन पुन्हा सुरू होताना पडद्यावर नुसती काळी टर्मिनल दिसू शकते. ते सावरता येतं, त्यासाठी ठरलेल्या आज्ञा आहेत, पण त्या देणारा माणूस शेजारी बसलेला हवा. नव्यानं टाकताना वीज गेली तर पेन ड्राइव्हवरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, एवढंच. अर्थात तुमच्या फायलींची प्रत आधीच बाहेर ठेवलेली असेल तरच हे 'एवढंच' म्हणता येतं.

घाई मात्र अजिबात करू नका. उबुंटू २०.०४ची नेहमीची मुदत मे २०२५मध्ये संपली, म्हणून ती सूचना येते. पण 'उबुंटू प्रो' नावाची सोय घरगुती वापरासाठी पाच मशीनपर्यंत मोफत आहे, आणि तिच्यातून २०.०४ला २०३०पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. उबुंटूच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, तिथं मिळणारा टोकन आपल्या मशीनमध्ये द्यायचा, की झालं. हे आजच करा. मशीन काही जलद होणार नाही, पण उघडं पडणार नाही, आणि बाकीचं काम तुम्हाला पाऊस सरल्यावर निवांत करता येईल.

आता तुम्ही विचारलेलंच नाही, पण ज्यात मराठी माणसाचं खरं नुकसान होतं, ते सांगतो. मंडळाच्या जुन्या कागदांपैकी काही मजकूर छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेला असेल. तो श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी योगेश, सुरेख अशा युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. अशा फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात; फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. आज त्या फायली नीट दिसतात, कारण भाच्यानं ते फाँट कुठेतरी टाकून ठेवले आहेत. ते सगळ्या यंत्रणेसाठीच्या फोल्डरमध्ये असतील तर अपग्रेडमध्ये सहसा टिकतात. फॉरमॅटमध्ये मात्र पुसले जातात, आणि मग जीर्णोद्धाराचा ठराव उघडल्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. फाइल शाबूत असते, पण घाबरलेला माणूस ती बिघडली समजून पुसून टाकतो. म्हणून मशीन पुसण्याआधी असे सगळे फाँट शोधून वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, आणि प्रत्येक जुनी फाइल एकदा उघडून तिची पीडीएफ काढून ठेवा. सवड मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोडमधला मजकूर उद्या कुठल्याही मशीनवर, फोनवरही, वाचता येईल. देवळाच्या कागदांना पन्नास वर्षांनीही कुणीतरी हात घालणार आहे, त्याच्यासाठी एवढी मेहनत घ्याच.

प्रत काढताना होम फोल्डर संपूर्ण घ्या. फाइल व्यवस्थापकात कंट्रोल आणि एच दाबलंत की टिंबानं सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसतात. फायरफॉक्सच्या खुणा आणि पासवर्ड, लिबरऑफिसच्या सेटिंग, तुम्ही शिकवलेले मराठी शब्द, हे सारं त्यांतच असतं. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, हे उत्सवाचे व्हिडिओ ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. टाइमशिफ्ट नावाचं साधन फार उपयोगी आहे, पण ते यंत्रणेची प्रत ठेवतं. तुमचे कागद आणि फोटो मुळात त्याच्या हिशेबात धरलेले नसतात. प्रत झाली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडून चार-पाच स्कॅन आणि हिशेबाची वही खरंच उघडते का ते पाहा. न उघडून पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नका.

आणि दोन प्रती करा. २२ जुलै २०२१ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घरांत कसं शिरलं, हे सवच्या माणसाला मी सांगायला नको. अशा वेळी एकाच कपाटात ठेवलेला लॅपटॉप आणि त्याची बॅकअप डिस्क दोन्ही एकदमच जातात. एक प्रत घरात वरच्या जागी ठेवा. दुसरी गणपतीला आलेल्या चाकरमान्यांबरोबर मुंबईला पाठवा, तुमच्या गावाचं मुंबईत मंडळ असेल तर तिथे. गावातल्या जुन्या फोटोंचे स्कॅन म्हणता. मूळ फोटो पाण्यात गेले तर गावाकडे उरणार ते एवढंच.

बसवण्याची कृती फार अवघड नाही. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आहे (उबुंटू २४.०४ची सहाच्या आसपास), त्यामुळे मोबाइल डेटावर ती एका दिवसात उतरायची नाही. महाडमध्ये चांगलं ब्रॉडबँड असलेल्या कुणाकडून उतरवून घ्या आणि तिचा चेकसम जुळतो का तेवढं बघायला सांगा. ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. उबुंटूतल्या 'डिस्क्स' या प्रोग्रॅममधून इमेज म्हणून लिहावी लागते, आणि त्यात पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मग त्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा, पण लगेच बसवू नका. आधी तसंच वापरून पाहा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का? त्या काळच्या काही लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपला ड्रायव्हर वेगळा लागतो. तसं निघालं तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंगवर इंटरनेट घ्या आणि ड्रायव्हर उतरवा.

बसवताना 'सगळी डिस्क पुसा' हा सोपा पर्याय समोर येतो. तो न घेता 'समथिंग एल्स' घ्या, आणि डिस्कचे दोन भाग करा: यंत्रणेला ८० ते १०० जीबी, उरलेली सगळी जागा होमला. जुनं छोटं ईएफआय विभाजन दिसलं तर ते तसंच राहू द्या. दुरुस्तीवाल्याकडून करून घेणार असाल तर त्याला हे आधीच बजावून सांगा, कारण घाईत तो सोपाच पर्याय निवडेल. होम वेगळं असलं की पुढे कधीही नव्यानं टाकताना त्या भागाला फॉरमॅटची खूण न करता तो जसाच्या तसा जोडता येतो. या वेळी मात्र जुने लपलेले फोल्डर आंधळेपणानं नव्या होममध्ये ओतू नका. उबुंटूच्या डेस्कटॉपच्या सेटिंग मिंटमध्ये गोंधळ घालतात. कागद, फोटो, फाँट आणि फायरफॉक्सचं फोल्डर एवढंच परत घ्या.

मराठी टायपिंगसाठी आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, म्हणजे इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही पद्धती मिळतात. ज्यांना शिकून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी निवेदनासह मोफत आहेत. मंडळातल्या एखाद्या कॉलेजकुमाराला ते जरूर दाखवा. हे काम एका माणसावर अवलंबून राहू नये.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. मशीन फारच जुनं, ३२ बिटचं असेल तर पर्याय आता कमी उरले आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये त्या मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही. फेडोरा वापरणाऱ्यांनी अपग्रेडचीच सवय लावून घ्यावी, कारण तिथे दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला साधारण तेराच महिने अपडेट मिळतात. दर वेळी पुसत बसणं परवडणारं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एकसारखी वीस मशीन असतील तर उलट एकच चांगली इमेज करून सगळीकडे नव्यानं बसवणं बरं.

तुमच्यासाठी क्रम असा : उबुंटू प्रो आज, दोन प्रती या महिन्यात, मिंट दिवाळीनंतर. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळतील. तोवर तुमच्या मशीनवर काय काय बसवलंय हे तुम्हाला ठाऊक असेल, होम वेगळं असेल, प्रती मुंबईत असतील. त्या वेळी मशीन धडधाकट असेल तर काहीही न पुसता खुशाल अपग्रेड करा.