ठेचलेल्या लसणाला दहा मिनिटं दे

माय, लातूरच्या होस्टेलात पोरं शिंकायला लागली की आईच्या डब्यातून लसणाची चटणी येते आणि बापाच्या पिशवीतून लसणाच्या कॅप्सूल. चटणी खुशाल खाऊ दे. कॅप्सूलचं मी सांगतो, माझा जन्म औषधाच्या दुकानात गेलाय.

आधी कुटण्याचं ऐक. अख्ख्या पाकळीला वास नसतो. ठेचली की आतलं ॲलिइन आणि ॲलिनेज नावाचं विकर एकत्र येतात, त्यातून ॲलिसिन होतं. नाकाला झोंबतं ते हेच. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते वेगळं काढून दाखवलं, जंतू मारतं हेही दाखवलं. पण आचेनं ते विकर निकामी होतं. म्हणून ठेचला की लगेच कडकडीत तेलात टाकू नको. दहाएक मिनिटं तसाच राहू दे, तोवर पीठ मळून होतं. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आंबिलीत तर ती गार झाल्यावरच घाल.

कांदा सोलताना वरचं वाळलेलं टरफल तेवढं काढ. तुझा हात फार उदार आहे, दोन चांगले पापुद्रे उकिरड्यावर जातात. क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य सगळ्यात जास्त त्याच बाहेरच्या पापुद्र्यांत असतं, आणि पांढऱ्यापेक्षा लाल कांद्यात जास्त. ते शिजवून फारसं नासत नाही, पाण्यात मात्र उतरतं. तेव्हा कांदा उकडलास तर पाणी आमटीत ओत.

आता प्रतिकारशक्ती. इंग्लंडात १४६ जणांवर १२ आठवडे प्रयोग झाला, २००१ साली छापून आला. लसणाची गोळी घेणाऱ्यांत सर्दी २४ वेळा, नुसती दाखवायची गोळी घेणाऱ्यांत ६५ वेळा. ऐकायला झकास! पण पुढे कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे असे प्रयोग पडताळणाऱ्या संस्थेनं, सगळं चाळलं तेव्हा धरण्यासारखा तो एकच प्रयोग निघाला, आणि एवढ्यावर काही ठरत नाही असं त्यांनी लिहिलं. २०१२ साली मुरवलेल्या लसणाचा अर्क १२० जणांत ९० दिवस तपासला. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातल्या काही लढाऊ पेशी जास्त जोमानं वाढल्या, आजार सौम्य राहिला. पण आजारी पडणारे काही कमी झाले नाहीत. कोरोनात लसणानं बचाव होतो याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेला २०२० साली मुद्दाम सांगावं लागलं. तुझी मोठी आजी कांदेनवमीला भजी खाऊन चार महिने कांदा-लसूण सोडायची. त्या पावसाळ्यांत तिला सर्दी जास्त झाली, असं मला तरी दिसलं नाही.

म्हणून पैसे चटणीच्या शेंगदाण्यांवर घाल, कॅप्सूलवर नको. आणि घरात कुणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल, वॉरफरिन म्हण, क्लोपिडोग्रेल म्हण, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लसणाचा अर्क मुळीच नको. जेवणातल्या दोन पाकळ्यांचं एवढं भ्यायचं कारण नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर या कॅप्सूलही चालू गोळ्यांच्या यादीत सांगायच्या. लोक त्या लपवत नाहीत, त्यांना ते औषधच वाटत नाही.

तान्ह्याच्या तळपायाला लसूण ठेचून बांध म्हणणारी कुणीतरी भेटेलच. तिला चहा पाज, पण ऐकू नको. त्या कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. कान दुखला तर लसणाचं कोमट तेलही कानात नको, पडदा फाटलेला असेल तर वरून कळत नाही. सरळ डॉक्टरकडं ने.