अधू पाय आणि विजेचे काम



दहावीचा निकाल लागला की मुलांना घेऊन पालक माझ्याकडे येतात. त्यांत एक प्रश्न बहुतेक दरवर्षी असतो : पोराचा पाय अधू आहे, त्याला वायरमनचे काम झेपेल का? माझ्या डाव्या पायातले बळ लहानपणीच पोलिओने गेले. मी कॅलिपर लावून चालतो आणि गेली बावीस वर्षे मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी बसवतो. त्यामुळे मी लगेच ‘हो’ म्हणेन, असे पालकांना वाटते. मी आधी उलट विचारतो, विजेचे कोणते काम?

वायरमन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खांबावर चढलेला माणूस उभा राहतो. पण तो या धंद्याचा एक तुकडा झाला. घराच्या वायरिंगला शिडी लागते, भिंत खाचावी लागते. पॅनल जोडणे टेबलाशी बसून होते. पंखे, मिक्सर आणि शेतीच्या मोटारी भरणे हे तर पुरते बैठे काम. पाय अधू असलेल्या मुलाला मी खांबावर पाठवणार नाही. देव सांभाळेल असे म्हणून कोणी पाठवत असेल तर त्यालाही मी अडवीन. पण खांब जमत नाही म्हणून त्याच्यासाठी सगळी वीजच बंद करायची, हे मला पटत नाही.

मोटार कशी भरतात ते थोडे सांगतो, कारण मदत देणाऱ्यांनी ते एकदा समजून घ्यावे असे मला वाटते. जुनी तार तोडण्याआधी सगळी मोजणी वहीत उतरवायची : स्लॉट किती (आपल्याकडच्या पुष्कळ मोटारींत २४ किंवा ३६ असतात), एका कॉइलला वेढे किती, कॉइल कोणत्या स्लॉटातून निघून कोणत्या स्लॉटात उतरते, तार किती जाडीची. जाडी मायक्रोमीटरने मोजायची, डोळ्याने नाही. मग स्लॉटात इन्सुलेशनचा कागद घालायचा, फर्म्यावर नवे वेढे घ्यायचे आणि ते थोडे थोडे करून स्लॉटाच्या अरुंद फटीतून आत सरकवायचे. तारेवरच्या एनॅमलला ओरखडा गेला की मोटार पुन्हा जळणार. वरून पट्टी ठोकायची, जोड द्यायचे, दोऱ्याने बांधायचे, मेगर लावून बघायचे, मग वॉर्निश देऊन सुकवायचे. यात पायाला जवळजवळ काम नाही. काम आहे बोटांना, डोळ्यांना आणि वहीला. वहीत एक आकडा चुकला तर तांबे वाया जाते. म्हणून मी मुलाचा पाय बघण्याआधी त्याचे अक्षर बघतो.

उलटही खरे आहे. पाय धडधाकट, पण बोटांत जोर नाही, असा मुलगा इथे कष्टी होईल. कुष्ठरोगातून बरे झालेल्या काहींच्या बोटांना संवेदना राहत नाही. सोल्डरिंगची इस्त्री हाताला लागली तरी त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. अशा भावाला मी सुट्या भागांच्या दुकानाचा काउंटर सुचवीन, वाइंडिंगचे टेबल नाही.

जपायच्या गोष्टी शरीराप्रमाणे बदलतात, हे शिकवणारेही कधी कधी विसरतात. कॅलिपरच्या पट्ट्या लोखंडी असतात, कुबडी बहुधा ॲल्युमिनियमची. दोन्हींतून वीज वाहते. कुबडी हातात धरून चालू पॅनलजवळ जायचेच नाही. झटका बसला तर दोन पायांचा माणूस मागे उडी मारतो, आम्हाला ते जमत नाही. म्हणून माझ्या टेबलाखाली रबरी मॅट आहे, बसायला लाकडी स्टूल आहे आणि टेस्टिंग बोर्ड बंद करायचा स्विच बसल्या जागी हात पोहोचेल असा आहे. बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवला आहे. वीज अंगातून जमिनीत उतरू लागली तर तो तोडतो, पण एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून जुने वायरमन चालू लाइनजवळ एक हात खिशात ठेवायला सांगत, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही. मोटारीचे वजन हाही एक प्रश्न असतो. त्यासाठी वर गर्डर टाकून चेन कप्पी लावली की एकटा माणूस मोटार टेबलावर घेतो.

या धंद्यात असे शरीर काही नवे नाही. चार्ल्स स्टाइनमेट्झ नावाचा इंजिनिअर १८६५ मध्ये आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरात जन्मला. पाठीला बाक, उंची चार फुटांच्या आसपास. १८८९ मध्ये तो न्यूयॉर्क बंदरात उतरला तेव्हा त्याला परत पाठवण्याची वेळ आली होती. सोबतच्या मित्राने त्याची हमी घेतली म्हणून तो आत गेला. पुढे मोटारीच्या लोखंडात उलटसुलट चुंबकत्वामुळे किती शक्ती वाया जाते, ते मोजण्याचा नियम त्यानेच दिला. त्याची विद्वत्ता मोठी होती, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्या मित्राची हमी.

माझ्या वेळी एका संस्थेने माझा अर्ज पायाकडे बघून परत केला. मी एका वाइंडरच्या दुकानात जमिनीवर बसून शिकलो. हात बसला, पण सर्टिफिकेट नाही म्हणून सरकारी कामाचा कागद आजही माझ्या नावावर निघत नाही. आताच्या मुलांनी असे राहू नये. इलेक्ट्रिशियनचा आयटीआय दोन वर्षांचा आहे आणि प्रवेशात दिव्यांगांसाठी राखीव जागा असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा ठेवल्या आहेत. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचा दाखला लागतो. दाखला आणि यूडीआयडी कार्ड दहावीच्या वर्षातच करून घ्या. निकालानंतर धावपळ केली तर प्रवेशाची तारीख निघून जाते.

मंडळीतून आमच्या मुलांना तीनचाकी सायकल मिळते, शिलाई मशीन मिळते, शेळ्याही मिळतात. त्याबद्दल आभारच आहेत. पण धंदा शिकलेल्या मुलाला मायक्रोमीटर, मेगर आणि कॉइल वाइंडिंग मशीन लागते, आणि त्याहून आधी लागते पहिली मोटार. अधू पायाच्या नव्या मुलाकडे आपली पाच एचपीची मोटार कोण देणार? हंगामात ती पुन्हा जळाली तर गहू सुकतो, त्यामुळे शेतकऱ्याची भीती खोटी नाही. माझी पहिली मोटार आमच्या पाळकांनी शेजाऱ्याकडून आणवली होती, आणि बिघडली तर तांब्याचे पैसे मी भरीन, असे त्याला सांगून आणवली होती.

वसतिगृहातला एक मुलगा यंदा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला जाईल. त्याचा उजवा पाय अपघातात गुडघ्याखाली गेला आणि आता जयपूर फूट बसवला आहे, त्यामुळे उकिडवेही बसता येते. अक्षर सुंदर आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याला एखाद्या वाइंडिंगच्या दुकानात बसवायचे आहे. नवापूर ते विसरवाडी रस्त्यावरचे दुकान मिळाले तर बसची सोय होते. तांब्याची हमी मी घेतो, जागा कोणाकडे असेल तर कळवावे.